मंगळाच्या वाळवंटात प्राचीन पाण्याच्या खुणा कशा वाचाव्यात: मेरिडियानी मैदानापासून सुरुवात

मंगळाचे कुठलेही छायाचित्र उघडले की नजर आधी वाळूवर जाते. लांबच लांब पसरलेले मैदान, त्यावर वाऱ्याने उठवलेल्या रेघा, मध्येच एखादा दगड. पाण्याच्या शोधात निघालेले बहुतेक जण या वाळूकडेच टक लावून पाहतात आणि थकून जातात. वाळू हे वाऱ्याचे आजचे काम आहे. पाण्याची नोंद तिच्या खालच्या खडकात आहे, म्हणून वाळू जिथे बाजूला सरकली आहे तिथे पाहायचे.

यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. मूळ छायाचित्रे सगळ्यांना मोफत उपलब्ध आहेत. संगणक, वही, पट्टी आणि थोडी चिकाटी एवढे पुरते. पुढचा सगळा सराव मेरिडियानी प्लॅनम या एकाच मैदानावर बेतला आहे, कारण नवख्या माणसाला शिकायला याहून चांगली जागा मंगळावर नाही. इथे वाळू भरपूर आहे, खडक सपाट आणि स्वच्छ उघडा पडलेला आहे आणि नासाच्या अपॉर्च्युनिटी या रोव्हरने, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या यंत्राने, २००४ पासून २०१८ पर्यंत इथला ४५ किलोमीटरहून जास्त पट्टा चालून पाहिला आहे.

पहिली पायरी: आधी वरून पाहा

थेट रोव्हरच्या छायाचित्रांत शिरू नका. नासाचे मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरत आहे. त्यावरचा हायराइज कॅमेरा जमिनीचा २५ ते ३० सेंटिमीटरचा तुकडा एका पिक्सेलमध्ये दाखवतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या हायराइज संकेतस्थळावर मेरिडियानी असे शोधले की चित्रांची मोठी यादी मिळते. त्याच यानावरचा सीटीएक्स कॅमेरा ६ मीटरला एक पिक्सेल देतो. त्यात बारकावे कमी, पण परिसर मोठा दिसतो. आधी सीटीएक्स, मग हायराइज हा क्रम ठेवा. अनेक नकाशे एकावर एक ठेवून पाहायचे असतील तर अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचे जेमार्स हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. शिकायला जरा वेळ लागतो, पण तो सार्थकी लागतो.

वरून पाहताना तीन गोष्टी पक्क्या करा, नाहीतर पुढचे सगळे वाचन चुकते.

एक, प्रकाश कुठून येतो आहे. हे यान स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास वरून जाते. त्यामुळे उत्तर वर ठेवून मांडलेल्या चित्रात ऊन साधारण डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून पडते. हे विसरलात तर खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि वाहून गेलेले पात्र बांधासारखे. शंका आली तर जवळचे एखादे गोल विवर शोधा. विवर खोलगट असतेच, त्यामुळे त्याच्या कुठल्या कडेला सावली आहे ते पाहिले की डोळा ताळ्यावर येतो.

दोन, रंग. हायराइजची रंगीत पट्टी चित्राच्या फक्त मधल्या भागात असते आणि तिचे रंग वाढवलेले असतात. त्यात बेसॉल्टची, म्हणजे काळ्या ज्वालामुखी खडकाची, गडद वाळू निळी दिसते. हा निळा म्हणजे पाणी नव्हे, बर्फही नव्हे. समाजमाध्यमांवर फिरणारी 'मंगळावरची निळी नदी' बहुतेक वेळा हीच वाळू असते.

तीन, माप. एका पिक्सेलला ३० सेंटिमीटर असतील तर मीटरभर लांबीची वस्तू जेमतेम तीन ठिपक्यांची. त्याहून लहान गोष्टींबद्दल वरून काहीही ठामपणे बोलू नका.

दुसरी पायरी: वाळू आणि खडक वेगळे करा

आता मेरिडियानीचे एखादे हायराइज चित्र पूर्ण मोठे करा. गडद, समांतर लहरी दिसतील आणि त्यांच्या मधून फिकट, तडे गेलेल्या फरशीसारखे तुकडे डोकावतील. गडद ती वाळू, फिकट तो खडक. फिकट तुकड्यांभोवती पेन्सिलने किंवा सॉफ्टवेअरमध्ये रेघ मारून घ्या. मोठ्या विवरांच्या कडा सोडू नका, कारण उल्का आदळल्यामुळे आतले थर आयते उघडे पडलेले असतात. अपॉर्च्युनिटीची वाटचाल ईगल, एन्ड्युरन्स, व्हिक्टोरिया आणि एन्डेव्हर अशी विवरा-विवराने झाली ती याचसाठी.

वाळू बाजूला ठेवली तरी तिची साक्ष टाकून देऊ नका. मंगळावरच्या बऱ्याच वाळूत ऑलिव्हिन हे खनिज सापडते. ऑलिव्हिनला पाणी सोसत नाही, ओल्या जागी ते लवकर बदलून दुसरी खनिजे बनतात. ते अजून शाबूत आहे, याचा अर्थ ही वाळू फार काळ कोरडी राहिली आहे. म्हणजे एकाच चित्रात वाळू कोरडेपणाची आणि खडक ओलाव्याची ग्वाही देतो. दोन्ही खरे आहेत, फक्त काळ वेगळे आहेत. मंगळाचा ओला काळ मुख्यतः ३ अब्ज वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही जुना आहे. हा काळाचा फरक ज्याच्या डोक्यात पक्का बसला त्याचा निम्मा गोंधळ मिटतो.

तिसरी पायरी: जमिनीवर उतरा आणि माप बसवा

आता रोव्हरची छायाचित्रे. नासाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मंगळदिवसाची कच्ची चित्रे आहेत. मंगळदिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो आणि त्याला सोल म्हणतात. चित्रे सोलच्या क्रमाने लावलेली असतात, म्हणून वहीत तारखेऐवजी सोल लिहा.

रोव्हरच्या चित्रात मापाची पट्टी नसते, ती आपण शोधायची. अपॉर्च्युनिटीच्या ग्राइंडरने, म्हणजे घासण्याच्या यंत्राने, खडकावर पाडलेला गोल ४.५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. गेल विवरातल्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या ड्रिलचे भोक १.६ सेंटिमीटरचे, तिच्या चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर. जेझेरो विवरातल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने घासलेला गोल ५ सेंटिमीटरचा. यांतले काही चित्रात असेल तर काम सोपे. नसेल तर त्याच सोलची शेजारची चित्रे चाळा, कुठेतरी चाक किंवा चाकोरी सापडतेच.

अपॉर्च्युनिटीच्या सूक्ष्मदर्शी कॅमेऱ्याचे गणित तर तोंडपाठ करावे असे आहे. त्याचे चित्र १०२४ पिक्सेल रुंद आणि जमिनीवर सुमारे ३ सेंटिमीटर. म्हणजे साधारण ३३ पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर.

चौथी पायरी: गोळ्या मोजा

इथे मात्र सावकाश चला. मेरिडियानीचा सगळा जीव या पायरीत आहे.

यान इथे पाठवायचे ठरले तेच एका खनिजामुळे. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाला कक्षेतून या मैदानावर करड्या, स्फटिकमय हेमाटाइटची खूण दिसली होती. हेमाटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ते बहुधा पाण्याच्या सोबतीने बनते, पण ज्वालामुखीच्या उष्णतेतही बनू शकते, म्हणून खात्री जमिनीवर उतरूनच होणार होती. २५ जानेवारी २००४ रोजी अपॉर्च्युनिटी सुमारे २२ मीटर रुंदीच्या ईगल विवरात जाऊन थांबली आणि समोरच फिकट, थर असलेला खडक उघडा होता. त्यात आणि आजूबाजूच्या मातीत काही मिलिमीटरच्या गोल गोळ्या विखुरल्या होत्या. शास्त्रज्ञांनी त्यांना ब्लूबेरी हे टोपणनाव दिले, तेच रूढ झाले.

ईगल विवरातले सूक्ष्मदर्शी चित्र उघडा आणि एक गोळी निवडा. तिचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा. १३० पिक्सेल आले तर गोळी सुमारे ४ मिलिमीटरची. अशा वीसेक गोळ्या मोजा. आकार फारसा कमी-जास्त होत नाही, हे आकड्यांतच दिसेल. आता खडकात रुतलेली एखादी गोळी घ्या आणि तिच्या आजूबाजूचे पातळ थर पाहा. थर गोळीखाली दबले आहेत का? गोळी वरून पडली असती तर मऊ गाळ तिच्याखाली वाकला असता. इथे थर गोळीपर्यंत सरळ येतात आणि पलीकडे तसेच पुढे जातात. म्हणजे थर आधी साचले आणि गोळी नंतर त्यांच्या आतच वाढली.

तिसरी गोष्ट: गोळ्या एखाद्याच थरात गोळा झाल्या आहेत की सगळ्या खडकात विखुरल्या आहेत? ज्वालामुखीच्या राखेचे किंवा उल्कापाताच्या वितळलेल्या थेंबांचे गोळे एका पावसात पडतात, म्हणून ते एका थरात दाटलेले सापडायला हवेत. ब्लूबेरी खडकभर विखुरलेल्या आहेत, रव्याच्या लाडवात बेदाणे असावेत तशा. कुठे कुठे दोन गोळ्या एकमेकींना चिकटून वाढलेल्याही दिसतात. हे सगळे एकत्र ठेवले की एकच वाट उरते: खडकाच्या छिद्रांतून भूजल झिरपले आणि त्यात विरघळलेले लोह जागोजागी गोठत गोळ्या वाढल्या. पुढे मऊ खडक वाऱ्याने झिजला, टणक गोळ्या मागे उरल्या आणि त्यांचाच थर मैदानभर पसरला. कक्षेतून दिसलेले हेमाटाइट ते हेच.

हे वाचून पटण्यापेक्षा स्वतः मोजून पटवून घ्या. एकदा गोळीखालचा सरळ थर डोळ्यांनी पाहिलात की पुन्हा कधी विसरणार नाही.

पाचवी पायरी: थरांची वळणे पाहा

थर दिसले की लगेच तळे होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरा. वाराही थर रचतो, राखही रचते. थर एकमेकांना कसे छेदतात आणि ते केवढे आहेत यावरून उलगडा होतो.

व्हिक्टोरिया विवराच्या कड्यांमध्ये तिरप्या थरांचे मीटर-मीटरचे मोठे संच दिसतात. ते प्राचीन वाळूच्या टेकड्यांचे, म्हणजे वाऱ्याचे काम. मेरिडियानीच्या खडकाचा मोठा भाग असाच वाऱ्याने रचलेला आहे आणि नंतर भूजलाने घट्ट झाला आहे. पाण्याचा पुरावा शोधणाऱ्याला हे ऐकून जरा निराशा येते, पण खरी गोष्ट अशीच गुंतागुंतीची आहे.

ईगल विवरातल्या 'लास्ट चान्स' नावाच्या खडकात मात्र वेगळे चित्र आहे. तिथे एक-दोन सेंटिमीटर जाडीचे, खालच्या बाजूने वाटीसारखे वाकलेले आणि एकमेकांना कापत जाणारे छोटे थर आहेत. वाहत्या उथळ पाण्याच्या तळाशी वाळूच्या वळणदार लहरी सरकत गेल्या की असे आकार उमटतात. मार्च २००४ मध्ये मोहिमेच्या शास्त्रज्ञांनी आधी हा खडक पाण्याने भिजला होता आणि नंतर तो वाहत्या पाण्यातच साचला होता, असे दोन टप्प्यांत जाहीर केले. हे दोन दावे वेगळे आहेत. वहीतही ते वेगळेच लिहा: खडक नंतर भिजला, की पाण्यातच घडला?

लाटांची खूण आणखी वेगळी असते. प्रवाहात लहरीची एक बाजू मंद उताराची आणि दुसरी उभी होते. तळ्यातल्या लाटांमुळे दोन्ही बाजू सारख्या राहतात. मेरिडियानीपासून दूर, गेल विवरात, क्युरिऑसिटीला २०२२ मध्ये अशा सममित लहरी सापडल्या. उंची सुमारे ६ मिलिमीटर, दोन लहरींमधले अंतर ४ ते ५ सेंटिमीटर. एवढ्या मापावरून पाणी दोन मीटरपेक्षा कमी खोल होते आणि वर बर्फाचे झाकण नव्हते, असा हिशोब मांडता आला. बर्फाखाली वारा लाटा उठवू शकत नाही, हे त्यातले साधे तर्कशास्त्र मला फार आवडते.

सहावी पायरी: दगडगोट्यांचा आकार

मंगळाची हवा फार विरळ आहे, दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. वारा बारीक वाळू उडवतो, पण सुपारीएवढा गोटा तो उचलून नेऊ शकत नाही. म्हणून खडकात घट्ट बसलेले गुळगुळीत, गोलसर गोटे दिसले तर कान टवकारा. सप्टेंबर २०१२ मध्ये क्युरिऑसिटीने गेल विवरात हॉटा नावाचा असा खडक पाहिला. गोट्यांच्या आकारावरून पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल होते आणि सेकंदाला जवळजवळ एक मीटर वेगाने वाहत होते, असा अंदाज आला. टोकदार दगडांचा ढीग असेल तर तो दरडीचा किंवा उल्कापाताचा समजा.

सातवी पायरी: खनिजांची साक्ष

हे काम डोळ्यांनी होत नाही. इथे उपकरणांच्या निष्कर्षांवर विसंबावे लागते, पण कुठले खनिज काय सांगते ते माहीत हवे.

ईगल विवरातल्या एल कॅपिटन खडकात जॅरोसाइट सापडले. हे लोहाचे सल्फेट, म्हणजे गंधकयुक्त क्षार, आम्लधर्मी पाण्यात बनते. इथल्या खडकात सल्फेट क्षारांचे प्रमाण वजनाच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जाते. याच खडकाच्या सूक्ष्मदर्शी चित्रात सेंटिमीटरभर लांब आणि त्याच्या पाव किंवा त्याहून कमी रुंद अशा चपट्या फटी दिसतील. क्षारांचे स्फटिक खडकात वाढले आणि नंतर विरघळून किंवा झिजून गेले, त्यांच्या या रिकाम्या जागा. त्यांची तोंडे सगळीकडे वळलेली आहेत, थरांना समांतर नाहीत, हे जरूर पाहा. वाऱ्याने कोरल्या असत्या तर थरांच्या दिशेने गेल्या असत्या.

म्हणजे हे पाणी खारट, आम्ल आणि मधूनमधून वर येणारे होते. जीवसृष्टीला ते कठीणच. पण एन्डेव्हर या २२ किलोमीटर रुंदीच्या जुन्या विवराच्या काठावर गोष्ट बदलते. तिथे २०११ मध्ये अपॉर्च्युनिटीला होमस्टेक नावाची अंगठ्याएवढ्या रुंदीची पांढरट शीर दिसली. ती जिप्समची, म्हणजे पाणी धरलेल्या कॅल्शियम सल्फेटची, निघाली. भेगेतून पाणी वाहिले आणि जाताना खनिज ठेवून गेले, इतका सरळ पुरावा या साऱ्या वाटचालीत दुसरा नसेल. याच काठावरच्या आणखी जुन्या खडकांत चिकणमातीची खनिजेही आहेत आणि ती कमी आम्ल पाण्याकडे बोट दाखवतात. जितके मागे जावे तितके पाणी सौम्य, असा क्रम इथे दिसतो.

आठवी पायरी: स्वतःच्या निष्कर्षाला आव्हान द्या

प्रत्येक खुणेला तीन प्रश्न विचारा. हे वाऱ्याने होऊ शकले असते का? लाव्हाने? उल्कापाताने? तिन्हींना सकारण 'नाही' म्हणता आले तरच पाण्याचे नाव घ्या. वरून नदीसारखी दिसणारी पात्रे लाव्हाही कोरतो किंवा भरून टाकतो. फाटे फुटत उताराकडे एकत्र येणारे जाळे, आणि शेवटी जेझेरो विवरातल्यासारखा पंख्याच्या आकाराचा गाळाचा प्रदेश असेल, तर बाजू बरीच भक्कम होते.

या शिस्तीचे महत्त्व मंगळावरच्या उतारांवरच्या गडद रेघांनी शिकवले. उन्हाळ्यात लांबणाऱ्या आणि थंडीत पुसट होणाऱ्या या रेघा २०११ मध्ये जाहीर झाल्या. २०१५ मध्ये तिथे पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांची खूण मिळाल्याचे सांगितले गेले आणि आजही पाणी वाहते अशा बातम्या झाल्या. २०१७ मध्ये उतारांची मोजणी झाली तेव्हा रेघा तीव्र उतारावरच धावतात आणि उतार कमी झाला की थांबतात, हे दिसले. कोरडी वाळू घसरताना नेमकी अशीच वागते. पाण्याचा अर्थ त्यामुळे खूप दुबळा झाला. आजचे बर्फही यात मिसळू नका. २००८ मध्ये फिनिक्स यानाला उत्तर ध्रुवाजवळ मातीखाली काही सेंटिमीटरवर बर्फ मिळाले, पण तो वेगळा विषय आहे.

वही कशी ठेवावी

प्रत्येक चित्रासाठी एक पान. वर यान, कॅमेरा, सोल आणि जागा. खाली आधी फक्त दिसते ते लिहा: 'गोल, ४ मिमी, थर न वाकलेले'. अर्थ अजिबात लिहू नका. मग दुसऱ्या रकान्यात शक्य कारणे, तिसऱ्यात प्रत्येक कारण का टिकते किंवा का पडते ते. शेवटी खात्री तीनपैकी एका शब्दात: पक्की, संभाव्य, कच्ची. एकाच जागेच्या आकाराच्या, थरांच्या आणि खनिजांच्या अशा तीन वेगळ्या खुणा जुळल्याशिवाय 'पक्की' लिहायचे नाही, हा माझा नियम आहे आणि मी तो कोणासाठीही सैल करणार नाही.

मेरिडियानीची ईगल, एन्ड्युरन्स आणि एन्डेव्हर ही तीन विवरे अशी झाली की गेलकडे वळा, तिथे गाळाच्या खडकांचा जवळजवळ ५ किलोमीटर उंच डोंगर आहे आणि तळाजवळ तळ्याच्या चिखलाचे थर. त्यानंतर जेझेरो. युटोपिया मैदान सगळ्यात शेवटी घ्या: तिथे चीनच्या झुरोंग रोव्हरच्या रडारला जमिनीखाली तिरपे थर दिसले, ते प्राचीन समुद्रकिनाऱ्याचे असावेत असे २०२५ मध्ये मांडले गेले आहे. त्या पानावर सध्या 'संभाव्य' लिहा.